परिणाम शोधण्याआधी घर बघ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला प्रकल्पाचा आराखडा सावकाश वाचला. ‘समाजमाध्यमांचा तरुण पिढीवर होणारा दुष्परिणाम : एक समाजशास्त्रीय अभ्यास’. प्रश्नावली नीट बांधली आहेस, वेळापत्रकही आखलंस, मेहनत दिसते. तरी माझा सल्ला आहे की हे शीर्षक बदल. फोनवर घाईत सांगितलं असतं तर मावशीला विषयच आवडला नाही असं तुला वाटलं असतं, म्हणून पत्र लिहिते आहे. विषय मला फार आवडला. त्यातला प्रश्न मात्र अजून तुझा झालेला नाही.

या धर्तीचे प्रकल्प नोकरीच्या काळात मी गठ्ठ्यांनी तपासले. आधी विषय टीव्ही असायचा, मग केबल, मग इंटरनेट, आता रील्स. निष्कर्ष मात्र ठरलेला: वाचन कमी झालं, घरातला संवाद तुटला, संस्कार उरले नाहीत, आणि शेवटी ‘माध्यमांचा योग्य वापर करावा’ अशी शिफारस. शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घेतली तरी हेच निघतं, कारण उत्तर शीर्षकातच देऊन झालेलं असतं. शिवाय ‘तुम्ही दिवसातून किती तास मोबाईल पाहता?’ या तुझ्या पहिल्याच प्रश्नाला खरं उत्तर कोण देईल? समोरच्याला आधीच अपराधी वाटायला लावणारा प्रश्न विचारला की तो माणूस आपल्याला बरं वाटेल तेच लिहितो.

माझं म्हणणं असं आहे. माध्यम माणसावर काय परिणाम करतं हे विचारण्याआधी ते ज्या घरात शिरलं ते घर बघ. त्या घराने त्या मुलाला, त्या मुलीला आधीच काय शिकवून ठेवलं आहे ते बघ. तुझ्या क्रमिक पुस्तकात संस्कृती, सामाजिकीकरण (म्हणजे समाजात वावरायला शिकणं) आणि प्रसारमाध्यमं ही तीन वेगळी प्रकरणं आहेत आणि मुलं ती वेगवेगळी पाठ करतात. रात्री आठ वाजता कुठल्याही घराच्या हॉलमध्ये बसलीस तर ती तिन्ही एकाच सतरंजीवर बसलेली दिसतील.

संस्कृतीपासून सुरू करू. मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टायलरची 1871 सालची व्याख्या तुला पाठ असेल: ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजाचा सदस्य म्हणून माणसाने मिळवलेल्या इतर सगळ्या क्षमता व सवयी. परीक्षेत मुलं ती यादी धडाधड लिहितात आणि तिचा गाभा हातून निसटतो. गाभा आहे ‘मिळवलेल्या’ या शब्दात. यातलं काहीही जन्मासोबत येत नाही, सगळं कुणाकडून तरी, कधी तरी शिकलेलं असतं. आणि ते फक्त लावणी, मंगळागौर, किल्ले, दिवाळी अंक यांत नसतं. बाहेरून आलेल्या माणसाला पाणी कोण आणून देतं, घरातली एकमेव खुर्ची कोण आल्यावर रिकामी केली जाते, आजारी असताना कोण झोपून राहू शकतं आणि कोण अंगात ताप घेऊन पोळ्या लाटतं, यात ती जास्त असते. जे इतकं सवयीचं झालंय की त्याला नाव द्यावंसंही वाटत नाही, तिथे आधी नजर लाव.

ही नजर कशी असते ते मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्याकडून शिकावं. त्या पंढरीच्या वारीत चालल्या आणि त्यावर त्यांनी लिहिलं. ज्या देशाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी महाराष्ट्राची ओळख त्यांना त्या वाटेवर पटली. एवढ्यावर थांबल्या असत्या तर तो नुसता भक्तिभावाने लिहिलेला लेख झाला असता. पण एकाच दिंडीत, एकाच अभंगावर पावलं टाकणाऱ्या बायका मुक्कामाला पोचल्या की ब्राह्मण आणि मराठा अशा वेगळ्या होऊन जेवायला बसतात, हेही त्यांनी पाहिलं. त्याने त्या अस्वस्थ झाल्या आणि ती अस्वस्थता त्यांनी लिहून ठेवली. गाणं एक आणि चुली दोन. दोन्ही खरं, आणि दोन्ही आपलीच संस्कृती. तुझ्या प्रकल्पात मला असा एक तरी परिच्छेद हवा आहे.

अलीकडचं एक उदाहरण देते. 2019 साली बालभारतीची दुसरीची नवी पुस्तकं आली. एका पुस्तकातल्या चित्रांत आई आणि वडील दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले होते, स्वयंपाकाच्या कामावर पुरुष होता, डॉक्टर बाई होती. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं आणि विषय तिथेच थांबला. त्याच वर्षी दुसरीच्या गणितात एकवीस, बावीस यांच्या सोबतीने ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत दिली होती. आपल्याकडे संख्या लिहिताना दशक आधी येतं आणि बोलताना एकक आधी येतं, त्यात लहान मुलांची गडबड होते, म्हणून. मंगला नारळीकर यांच्यासारख्या जाणत्या बाई गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या. त्यावर केवढा गदारोळ झाला! विधानसभेपर्यंत विषय गेला. घराघरांत शतकानुशतकं चालत आलेली कामाची वाटणी बदलणारं चित्र सहज चालून गेलं आणि त्रेचाळीसला ‘चाळीस तीन’ म्हटलेलं मात्र लोकांना सहन झालं नाही. याचा विचार कर. माझा अंदाज असा की चित्र बघून कुणाला स्वतः काही करावं लागत नव्हतं. अंक मात्र प्रत्येकाच्या तोंडात आहेत, पाढे म्हणत म्हणत ते तिथे बसले आहेत. तोंडातल्या, हातातल्या सवयीला धक्का लागला की माणसं चवताळतात. समाजात पक्कं काय आहे हे कळण्याची ही चांगली जागा आहे: कशावर चिडतात ते बघ, आणि कशाला नुसती मान डोलावून पुढे जातात तेही बघ.

आता सामाजिकीकरण. नाव लांबलचक आहे म्हणून मुलं घाबरतात. मूल समाजात कसं घडतं याची अमेरिकी विचारवंत जॉर्ज हर्बर्ट मीडची मांडणी (त्याच्या निधनानंतर 1934 मध्ये ती पुस्तकरूपाने आली) आपल्या गल्लीत उभी करून पाहिलीस तर कधी विसरणार नाहीस. लहान मूल भातुकली खेळतं. ते आई होतं, बाहुलीला ओरडतं, ‘संपव पटकन, ताटात टाकायचं नाही’ म्हणतं. एका वेळी एकाच माणसाची भूमिका, आणि तीही आवाज, हातवारे, कमरेवरच्या हातासकट. थोडं मोठं झालं की गल्लीत क्रिकेट खेळू लागतं. एक टप्पा आउट, काकूंच्या गच्चीवर चेंडू गेला तर मारणारा आउट आणि आणायलाही त्यानेच जायचं, बॅट ज्याची त्याची पहिली बॅटिंग. इथे एकाची भूमिका कळून भागत नाही. बोलर काय करेल, कीपर कुठे उभा आहे, काकू कधी झोपतात, सगळ्यांच्या अपेक्षा एकाच वेळी डोक्यात ठेवाव्या लागतात. मीडने याला ‘सामान्यीकृत इतर’ म्हटलं. ‘लोक काय म्हणतील’ हे आपण जे म्हणतो ना, त्यातले लोक ते हेच. ते आपल्या आतच राहायला येतात.

त्या गल्लीत अजून एक गोष्ट बघशील. ठरावीक वयानंतर मुली खेळताना दिसेनाशा होतात. कुणी नियम लिहिलेला नसतो, कुणी रागावलेलंही नसतं. ‘आता मोठी झालीस’ एवढंच कुणीतरी म्हणतं, किंवा तेही म्हणत नाही, फक्त संध्याकाळी घरातलं एक काम तिच्या नावावर पडतं.

माझ्या एका विद्यार्थिनीचं टिपण तुला सांगते, तिच्या परवानगीने आणि गावाचं नाव न देता. मी तिला म्हटलं होतं, मोबाईलवर लिहायचं असेल तर तुझ्या घरातला मोबाईल कुठे असतो ते आधी लिही. तिने लिहून आणलं. घरात दोन फोन. एक वडिलांचा, तो शर्टाच्या खिशात, रात्री देव्हाऱ्याशेजारच्या सॉकेटला. दुसरा भावाचा, त्याला पॅटर्न लॉक. हिला वडिलांचा फोन रात्री नऊनंतर अभ्यासासाठी मिळतो, तोही हॉलमध्ये, भिंतीला पाठ लावून बसायचं नाही, स्क्रीन सगळ्यांना दिसली पाहिजे. त्या फोनला लॉक नाही. का नाही, असं तिने आईला विचारलं, तर आई म्हणाली, ‘लपवण्यासारखं काय आहे आपल्याकडे?’ भावाच्या लॉकबद्दल मात्र कुणी काही विचारलेलं नव्हतं. ‘मुलांचं असतं काहीतरी.’ त्या एका तासात ती पोलीस भरतीच्या प्रश्नांचे व्हिडिओ बघायची, मधेच आजीला कीर्तन लावून द्यायची, आईला रांगोळीचं डिझाइन काढून द्यायची. घरात फोनवर सगळं शोधून देणारी तीच, आणि फोन तिचा नाही. रील्स पण बघायची, आवाज पूर्ण बंद करून. आवाजाशिवाय रील बघायची सवय तिच्या इतकी अंगवळणी पडली होती की हॉस्टेलला आल्यावर, स्वतःचा फोन हातात आल्यावरही, पहिले काही आठवडे ती आवाज बंद ठेवूनच बघत होती.

हे टिपण जेमतेम दीड पान होतं. माझ्या मते तिच्या पूर्ण प्रकल्पाचा जीव तिथे होता. त्यात खासगीपणावर कुणाचा हक्क असतो ते आहे, मुलगा आणि मुलगी घडवण्याची रीत आहे, आणि बाहेरची नजर आत कशी शिरते हेही आहे. आता तू सांग, या मुलीवर आणि तिच्या भावावर ‘मोबाईलचा परिणाम’ एकच असेल का? तंत्र एकच, ॲपही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या सुमारे 54 टक्के स्त्रियांनीच स्वतः वापरता येईल असा मोबाईल असल्याचं सांगितलं होतं. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया 33 टक्के होत्या आणि पुरुष 57 टक्के. तुझ्या शीर्षकातली ‘तरुण पिढी’ म्हणजे यातलं नेमकं कोण?

आता तुला जरा अवघड वाटेल असं एक उदाहरण देते, पण ते टाळू नकोस. घरात सगळे टीव्ही बघत बसलेले असताना सॅनिटरी पॅडची जाहिरात लागते. वडील रिमोट उचलतात, किंवा काही तरी विसरल्यासारखं करून आत जातात. आई उगाच पोरांना अभ्यासाचं विचारते. तीस सेकंदांत सगळं संपतं. जाहिरातीने सांगितलं की धावा, उड्या मारा, पांढरे कपडे घाला. त्या तीस सेकंदांत हॉलने सांगितलं की हे बोलायचं नसतं. बारा वर्षांच्या मुलीने काय ऐकलं असेल? दोन्ही ऐकलं असेल. आणि तिच्या शेजारी बसलेल्या दहा वर्षांच्या भावानेही ऐकलं, त्याला तर दुसरं काही सांगणारं कुणी भेटणारच नाही कदाचित. माध्यमातला निरोप कधी एकटा येत नाही. तो येताना खोलीतली शांतता त्याला अर्थ लावते.

आपल्या राज्याने 8 मार्च 2018 ला अस्मिता योजना सुरू केली, जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत. अशी वस्तू घरात पोचू शकते. पण तिच्यासोबत देवघराच्या दाराशी थांबणं, लोणच्याच्या बरणीला हात न लावणं, दुकानदाराने पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून देणं हे जागच्या जागी राहिलं. समाजशास्त्रज्ञ विल्यम ऑगबर्नने 1922 मध्ये याच फरकाला सांस्कृतिक पश्चायन म्हटलं: वस्तू पुढे जाते, रीत मागे रेंगाळते. संकल्पना उपयोगी आहे, वापर. फक्त एक सावधगिरी ठेव. ती वापरताना मन आपोआप असं धरून चालतं की वस्तू शहाणी आणि माणसं मागासलेली. दर वेळी तसं नसतं. कधी माणसांची मागणी आधी तयार असते आणि वस्तू, पैसा, रस्ता, डॉक्टर मागे राहिलेले असतात.

याच विषयावर गडचिरोलीला क्षेत्रभेटीला गेलेली मुलं परत येऊन कुर्माघराबद्दल लिहितात. माडिया-गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बायका ज्या वेगळ्या झोपडीत राहतात ते कुर्माघर. शहरातली मुलं ते बघून हादरतात, आणि हादरावंच, कारण त्यातल्या अनेक झोपड्यांत ना धड आडोसा असतो ना पाणी. पण ‘अजूनही किती मागासलेले’ असं लिहिणाऱ्याने आपल्या फ्लॅटमध्ये आई त्या चार दिवसांत देवाला दिवा लावते का हे विचारलेलं नसतं. स्वतःच्या रीतीला नैसर्गिक आणि दुसऱ्याच्या रीतीला अडाणी समजणं, याला समाजशास्त्रज्ञ विल्यम सम्नरने 1906 मध्ये स्वसमूहश्रेष्ठत्ववाद म्हटलं. त्यातून बाहेर पडायचं म्हणजे ‘ज्याची त्याची संस्कृती’ म्हणून हात झटकायचे असं मात्र नाही. त्या झोपडीत कुडकुडणाऱ्या बाईचं म्हणणं ऐकायचं. संस्कृतीच्या नावाने बोलणारे बहुतेक वेळा त्या झोपडीत झोपत नसतात.

माध्यमांच्या अभ्यासाचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण तुझा आराखडा जिथे उभा आहे तिथून हा विषय ऐंशी वर्षांपूर्वीच पुढे निघाला. माध्यम इंजेक्शनसारखं थेट रक्तात जातं अशी सुरुवातीची समजूत होती. 1940 च्या अमेरिकी निवडणुकीत समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायोतल्या एरी काउंटीत त्याच त्याच मतदारांना महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा भेटून पाहिलं, तर रेडिओ आणि वर्तमानपत्रांनी मत बदललेले लोक थोडेच निघाले. बहुतेकांचं आधीचंच मत घट्ट झालं होतं, आणि ज्यांचं बदललं त्यांच्यामागे बऱ्याचदा ओळखीचा, विश्वासाचा माणूस होता. कुटुंबाच्या ग्रुपवर आलेला मेसेज काका लोक खरा का मानतात, याचं उत्तर यात अर्धं तरी मिळतं. तो मेसेज कंपनीकडून येत नाही, तो भाऊजींकडून येतो.

पुढे माध्यमांचा अभ्यासक स्टुअर्ट हॉलने 1973 मध्ये दाखवलं की पाठवणाऱ्याने घातलेला अर्थ पाहणारा जसाच्या तसा उचलेलच असं नाही. कुणी तो मान्य करतो, कुणी अर्धा घेतो, कुणी उलटा वाचतो. मानवशास्त्रज्ञ पूर्णिमा मंकेकर यांनी दिल्लीतल्या साध्या वस्त्यांमधल्या बायकांसोबत दूरदर्शनवरच्या महाभारताबद्दल गप्पा केल्या. द्रौपदी वस्त्रहरणाच्या प्रसंगावर बोलता बोलता त्या बायका स्वतःच्या घरातल्या, रस्त्यावरच्या असुरक्षिततेबद्दल बोलू लागल्या. पडद्यावर पौराणिक कथा होती, बघणाऱ्यांना स्वतःचं आयुष्य दिसत होतं.

आणि ज्यांना वाटतं की सासू-सुनेच्या मालिकांनी बायकांना मागे नेलं, त्यांच्यासाठी रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांचा 2009 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. 2001 ते 2003 या काळात ज्या खेड्यांत केबल नव्याने पोचली त्यांची तुलना त्यांनी इतर खेड्यांशी केली. बिहार, हरियाणा, तमिळनाडूसोबत आपला गोवाही त्यात होता. केबल आल्यावर नवऱ्याने मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, घरातल्या निर्णयांत बायकांचा शब्द वाढला, असं त्यांना आढळलं. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून निष्कर्षांवर शंका घेतल्या. हा वाद मुळातून वाच, कारण आकडे ‘सशक्तीकरण’ म्हणतात तेव्हा बाईला नेमकं काय विचारलं होतं हा त्यातला कळीचा मुद्दा आहे. तुझ्या कामाला जास्त जवळचा आहे तो कर्क जॉन्सन हा अभ्यासक. तो साताऱ्याकडे, पाचगणीच्या परिसरातल्या खेड्यांत जाऊन राहिला आणि टीव्ही आल्यावर माणसांची आपापसातली नाती कशी हलली ते त्याने टिपलं. कोण कुणाच्या घरी टीव्ही बघायला जातं, कुणासोबत बसतं, पुरुष संध्याकाळी कुठे असतात, हे असे प्रश्न. त्याने काय विचारलं याकडे जास्त लक्ष दे. तसले प्रश्न तुला तुझ्या वाडीत विचारता येतील.

घर बघ म्हणते याचा अर्थ माध्यमाकडे पाठ फिरव असा घेऊ नकोस. माध्यमालाही मालक असतो आणि कुणाचं छापायचं, कुणाचं नाही हे ठरवणारा हात असतो. आपल्याकडे हे सगळ्यात स्पष्ट ‘मूकनायक’ने दाखवलं. 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेब आंबेडकरांनी हे पाक्षिक सुरू केलं, शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. त्या वेळची इतर वर्तमानपत्रं विशिष्ट जातींचं हित पाहतात, इतरांची पर्वा करत नाहीत, असं पहिल्याच अंकात स्पष्ट लिहिलं होतं. पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने मूकनायकची जाहिरात छापली नाही, हे बाबासाहेबांनीच नंतर नोंदवून ठेवलं आहे. ज्यांचं बोलणं छापलंच जात नाही त्यांनी आपलं माध्यम उभं केलं. आणि ते कागदावर थांबलं नाही. आंबेडकरी जलसे झाले, वामनदादा कर्डकांची गाणी झाली, पुढे भीमगीतांच्या कॅसेटी वस्त्यावस्त्यांत वाजू लागल्या. ज्यांना शाळेचं दार उशिरा उघडलं त्यांच्या मुलांनी आपला इतिहास आणि ताठ मानेने उभं राहणं या गाण्यांतून शिकलं. सामाजिकीकरण म्हणजे फक्त समाजाला हवं तसं वाकणं असं तुझ्या नोट्समध्ये लिहिलेलं दिसलं, ते खोड. वाकवणारं शिक्षण असतं तसं उभं राहायला शिकवणारंही असतं, आणि दोन्ही एकाच गावात, वेगवेगळ्या लाऊडस्पीकरवरून सुरू असतात.

आता कामाचं. प्रश्नावली बाजूला ठेव, फेकू नकोस. आधी पंधरवडाभर एक वही कर. तुझं घर आणि ओळखीची अजून तीन-चार घरं घे, शक्यतो वेगळ्या जातीची, वेगळ्या कमाईची, एखादं तरी मुस्लिम घर, आणि एखादं असं जिथे बाई एकटी घर चालवते. संध्याकाळी जाऊन बस. फोन किती, कुणाचे, रात्री कुठे असतात, लॉक कुणाला, रिचार्ज कोण मारतं, शेजारच्या खोलीतून आवाज आला की कोण स्क्रीन उलटी करतं. रिमोट कुणाच्या हातात आणि ते बाहेर गेल्यावर कुणाच्या. काय बघतात ते सगळ्यात शेवटी लिही. बघितलेलं त्याच रात्री लिहून काढ, सकाळपर्यंत थांबलीस की डोकं त्याची गोष्ट बनवून टाकतं.

लोकांना सांगून बस. गुपचूप बघणं मला मान्य नाही, स्वतःच्या घरात तर मुळीच नाही. आईला सांग की मी हे लिहिते आहे, आणि तिला वाचून दाखव. तिने एखादी ओळ काढ म्हटलं तर काढ. पण काढताना ती ओळ का नको होती हे तिला विचार, ते उत्तर प्रकल्पात घालण्याजोगं असू शकतं, अर्थात तिची हरकत नसेल तर. नावं, गाव, दुकानाचं नाव, शाळेचं नाव, सगळं बदल. लहान गावात ‘अंगणवाडी सेविकेची थोरली मुलगी’ एवढं लिहिलं तरी ओळख पटते हे लक्षात ठेव.

वही भरली की प्रश्न आपोआप बदलतील. मग प्रश्नावली पुन्हा लिही, आणि ‘किती तास’च्या जागी ‘काल रात्री शेवटचं काय पाहिलं, कुणासोबत?’ असं काहीतरी येऊ दे. शीर्षक तेव्हाच ठरव. सर घाई करत असतील तर त्यांना तात्पुरतं ‘कुटुंबातील मोबाईल वापर आणि लिंगभाव’ असं दे, तेवढ्याने फॉर्म भरला जाईल.

तुझ्या आराखड्यात शेवटच्या पानावर, समासात पेन्सिलीने एक वाक्य आहे: ‘दादाचा फोन बघितला तर राडा, माझा कुणीही बघतं.’ ते बहुधा चुकून राहिलं असेल. तिथून सुरू कर.

वहीची पहिली काही पानं झाली की फोटो काढून पाठव, अक्षर कसंही असलं तरी चालेल. रविवारी दुपारी मी मोकळी असते.

तुझी,
मावशी